आधी बघा, मग पाना लावा: मोटारसायकलची घरगुती देखभाल

गाडी चालू होईना की आपल्याकडे चार जण हमखास जमतात. एक किक मारतो, दुसरा चोक ओढायला सांगतो, तिसरा धक्का द्यायला मागे उभा राहतो आणि चौथ्याला लगेच प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढायचा असतो. किल स्विचकडे (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) मात्र कुणीच बघत नाही. घरच्या घरी गाडी सांभाळायची तर ही सवय आधी सोडायची. निम्म्याहून जास्त दुखणी एकही बोल्ट न सोडवता कळतात, आणि नव्या माणसाच्या हातून होणारं नुकसान बहुतेक वेळा घाईघाईत काहीतरी उघडल्यानेच होतं.

हा लेख १०० ते १५० सीसीच्या रोजच्या गाड्यांसाठी आहे: स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, पल्सर या घरातल्या. त्यापुढच्या गाड्यांना तत्त्वं तीच, पण सुटे भाग महाग आणि चुकीला माफी कमी.

पहिली गोष्ट, आपली गाडी कार्ब्युरेटरची आहे (पेट्रोल-हवेचं मिश्रण विजेशिवाय करणारी) की फ्युएल इंजेक्शनची (पेट्रोल विजेच्या जोरावर फवारणारी) हे ओळखा. चोकची दांडी आणि टाकीखाली पेट्रोल कॉक दोन्ही असतील तर कार्ब्युरेटर. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले, त्यानंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या. फरक महत्त्वाचा आहे, कारण इंजेक्शनच्या गाडीला टाकीतला पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कंप्युटर) चालवायलाही वीज लागते. जुनी स्प्लेंडर बॅटरी पार मेली तरी किकवर निघायची. नवीन गाडीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

दुसरी गोष्ट, गाडीसोबत आलेलं ओनर्स मॅन्युअल शोधा. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं. ऑइल किती, चेन किती ढिली, प्लगचा गॅप (टोकाची फट) किती, हे सगळे आकडे त्यात आहेत. मी खाली देतोय ते अंदाज येण्यापुरते. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

हत्यारं किती लागतात?

फार नाही. सीटखालच्या किटमधले पाने वाटेत अडलं तर ठीक आहेत, पण ते मऊ पत्र्याचे असतात आणि बोल्टचे कोपरे गोल करतात. एकदा गोल झालेला बोल्ट काढायला लागणारा वेळ आणि शिव्या बघता, ८ ते १९ मिमीचे चांगले रिंग पाने आधी घ्या. १० आणि १२ चा टी-पाना, गाडीला बसणारा प्लग पाना, दोन्ही तोंडांचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हवेचा छोटा गेज, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायला). शिवाय जुने कपडे, जुना टूथब्रश आणि ऑइल धरायला पसरट भांडं (स्वयंपाकघरातलं नको). गाडीला मेन स्टँड नसेल तर मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड लागेल. विटा रचून गाडी उभी करू नका.

गाडी चालूच होत नाही

खालचा क्रम मोडू नका. एक पायरी पूर्ण झाली की मगच पुढची.

१. किल स्विच चालू आहे ना? साइड स्टँड वर आहे ना? बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असला तर चालू होत नाहीत किंवा गिअर टाकताच बंद पडतात. न्यूट्रलचा दिवा पेटतोय का? गाडी नुकतीच पडली असेल तर काही इंजेक्शनच्या गाड्यांतला सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी सरळ उभी करा, चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करा.

२. टाकीत पेट्रोल आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकी हलवा, आवाज ऐका, झाकण उघडून बघा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉक बंदवर राहिलाय का, रिझर्व्हवर न्यायची वेळ झालीय का, ते पाहा.

३. चावी फिरवा आणि कान द्या. इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या बाजूने एक-दोन सेकंद बारीक घूंऽ असा आवाज येतो, तो पंपाचा. तो आलाच नाही तर फ्यूज, बॅटरी किंवा पंपाची जोडणी यांवर संशय. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा चावी फिरवल्यावर पेटणं बरोबर आहे. इंजिन चालू झाल्यावरही तो विझला नाही तर काहीतरी बिघडलंय.

४. हॉर्न वाजवा. हॉर्न घोगरा आणि सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा तिची टोकं सैल आहेत. हॉर्न खणखणीत पण सेल्फ गप्प, तर क्लच दाबून बघा, मग सेल्फचं बटण आणि रिले (सेल्फला वीज सोडणारा स्विच). हॉर्न, दिवे, मीटर सगळंच मेलेलं असेल तर बहुधा फ्यूज उडाला, नाहीतर बॅटरी पार उतरलीय. फ्यूज त्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तार गुंडाळून काम भागवणारे अजून भेटतात. त्यातून वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर उघडी पडलीय. बंद पार्किंगमध्ये हे काम बऱ्याचदा उंदराचं असतं, म्हणून सीटखाली आणि टाकीच्या पुढच्या बाजूला वायरी कुरतडल्यात का ते पाहा.

५. एवढं सगळं ठीक असेल तर आता प्लग.

प्लग नेहमी इंजिन थंड असताना काढायचा. आधी प्लगच्या भोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर काढताक्षणी ती सिलिंडरमध्ये पडते. कॅप सरळ ओढायची, वायर धरून ओढायची नाही. पल्सर १५० वाल्यांनी लक्षात ठेवायचं की डीटीएस-आय इंजिनाला दोन प्लग असतात, आणि दुसरा न तपासता "प्लग चांगला आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

बाहेर आलेला प्लग उजेडात धरा. टोकाचा पांढरा चिनी मातीचा भाग विटकरी-तपकिरी झाला असेल तर इंजिन बरोबर जळतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळा, चिकट आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. हे घरचं काम नाही. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. आणि पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण ठिणगी नाही, किंवा सतत किक मारून इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त साचलंय.

ओव्हर झालेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीला कॉक बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून काही किका मारा. मग प्लग पुसून लावा आणि नेहमीसारखं चालू करा.

ठिणगी बघायची असेल तर प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा आट्यांचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. निळसर कडक ठिणगी हवी. प्लग हाताने धरू नका, कॅपला रबराच्या मुठीच्या पक्कडीने धरा, आणि प्लगच्या मोकळ्या भोकापासून लांब ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. धातूला न टेकवता अधांतरी प्लगवर किक मारली तर इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक्सवर ताण येतो.

गॅप गाडीनुसार साधारण ०.६ ते ०.९ मिमीच्या दरम्यान असतो. फीलर गेजने मोजा. परत लावताना प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत पूर्ण बसवायचा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका गेलाय, बाहेर काढून पुन्हा सुरुवात करा. पाना फक्त शेवटच्या आवळणीला. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले की शंभर-दीडशेच्या प्लगपायी मोठं काम निघतं.

गाडी धुतल्यानंतर किंवा धो-धो पावसातून आल्यावर बंद पडली असेल तर आधी प्लग कॅप काढून आतून कोरडी करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप थेट प्लगवर, हँडलच्या स्विचवर आणि चाकांच्या बेअरिंगवर मारू देऊ नका. सांगितल्याशिवाय ते थांबत नाहीत.

राहता राहिलं पेट्रोलमधलं पाणी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी त्यात विरघळून जळून जातं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो, नेमका जिथून पेट्रोल इंजिनाकडे जातं तिथे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर हे हमखास होतं. कार्ब्युरेटरच्या वाटीला खाली एक स्क्रू असतो. इंजिन थंड असताना तो सैल करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि ठेवून द्या. तळाला वेगळा थर दिसला तर टाकीच रिकामी करून साफ करायला हवी. हे काम उघड्यावर करायचं, देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब.

चेन: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच

चेन कव्हर बंद असलं की आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. कव्हरच्या खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते काढलं की चेन दिसते. कोरडी, लालसर गंज धरलेली, किंवा काळ्या चिखलाचा थर बसलेली चेन म्हणजे पिकअप गेला, ॲव्हरेज गेलं आणि वर चेन-चक्रीचा सेट लवकर बदलायचा खर्च.

एक नियम लोखंडी: इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसायची नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओंत लोक सर्रास तसं करतात. फडकं चक्रीत अडकतं आणि फडक्यासोबत बोट जातं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं, आणि बोटं चक्रीपासून लांब.

चेन साफ करायला रॉकेल किंवा डिझेल आणि टूथब्रश. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली) चेन असेल तर पेट्रोल अजिबात नको, रबर फुगतं. पुसून कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे, तोही चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे चाक फिरलं की ऑइल सांध्यांत शिरतं. अर्ध्या तासाने वरचं जादा ऑइल पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ बसून चेन कापायला लागते. उन्हाळ्यात साधारण ५०० किमीला एकदा, पावसाळ्यात भिजून आलात की त्याच आठवड्यात. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे न चालवलेली गाडीही गंजते, तिथे किलोमीटर मोजत बसू नका.

आता ढिलाई. मेन स्टँडवर, दोन चक्रींच्या मधोमध, खालच्या बाजूची चेन बोटाने वर-खाली करा. साधारण २० ते ३० मिमी हालायला हवी. चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असते. ॲडजस्ट करताना ताठ जागा धरायची.

मागच्या ॲक्सलची चाकी (नट) सैल करा (काही गाड्यांत त्याच्या आतली स्लीव्हची मोठी चाकीही सैल करावी लागते). दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा. स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणारे दोन दांडे) रेषा असतात, डावीकडे जेवढ्या रेषा तेवढ्याच उजवीकडे. एक बाजू पुढे-मागे राहिली तर चाक तिरकं बसतं आणि टायर एका कडेला खातो. ॲक्सल आवळल्यावर चेन आणखी थोडी ताणली जाते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. चाक मागे सरकलं की मागचा ड्रम ब्रेक आणि ब्रेकचा दिवा या दोन्हींची ॲडजस्टमेंट बदलते. ही गोष्ट बरेच मेकॅनिकही विसरतात. ॲक्सलला स्प्लिट पिन असेल तर नवीन घाला. चेन लॉकची क्लिप उघडी असेल तर तिचं बंद तोंड चेन पुढे जाते त्या दिशेला हवं.

मागच्या चक्रीवरून चेन बोटाने मागे ओढून पाहा. दात अर्धाअधिक उघडा पडत असेल, किंवा दात शार्कच्या पंखासारखे वाकलेले दिसत असतील, तर ॲडजस्टमेंटचे दिवस संपले. नुसती चेन बदलू नका, दोन्ही चक्र्यांसह पूर्ण सेट घाला.

ऑइल

पातळी बघणं फुकट आहे, तरी लोक टाळतात. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबा, गाडी मेन स्टँडवर सरळ. काच असेल तर दोन रेषांच्या मध्ये. दांडी असेल तर पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, हे हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांना लागू आहे. इतरांचं मॅन्युअलमध्ये पाहा.

बदलताना मोटारसायकलचंच ऑइल घ्या. डब्यावर मॅन्युअलमधला ग्रेड (आजच्या बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यू-३०) आणि जासो एमए किंवा एमए-२ (मोटारसायकलच्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. मोटारसायकलच्या क्लच प्लेटा याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे त्या घसरायला लागतात.

इंजिन जरा कोमट करा, खाली भांडं ठेवा, वरचं झाकण आणि खालचा ड्रेन बोल्ट काढा. सगळं निथळू द्या. बोल्टचं वायसर नवीन घाला. बोल्ट आधी हाताने, मग बेताने आवळा. क्रँककेस (इंजिनाचा खालचा खोका) ॲल्युमिनियमचा आहे, जोर दाखवायची ही जागा नाही. मोजून ऑइल ओता, १०० सीसीच्या गाड्यांना साधारण पाऊण ते एक लिटर लागतं. ठरल्यापेक्षा जास्त ओतल्याने गाडी जास्त चांगली चालत नाही, उलट जड होते. कागदी फिल्टर असेल तर तोही बदला. जुन्या धर्तीच्या १०० सीसी इंजिनांत फिल्टरऐवजी जाळी आणि क्लच कव्हरच्या आत फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. तो साफ करायला कव्हर उघडावं लागतं, ते गॅरेजवर सोडा.

काळं ऑइल नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. नवीन ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून गॅरेजवर द्या, तिथून ते गोळा करणाऱ्यांकडे जातं.

बाकीचं थोडक्यात

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, थोडं ऑइल लावून पिळून घालायचा. तेलकट कागदाचा असेल तर त्यावर हवा मारायची नाही, धुवायचा तर नाहीच. मुदत संपली की बदलायचा.

हवा टायर थंड असताना तपासा. आकडे चेन कव्हरवर किंवा स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर असतात. पुढे २५ आणि मागे एकट्याला २८ पीएसआय हा १०० सीसीत नेहमी दिसणारा आकडा. डबलसीट असेल तर मागे बरीच जास्त लागते, आणि तीच कुणी भरत नाही.

क्लचच्या दांडीला टोकाशी १० ते २० मिमी मोकळीक हवी. गाडी रेस होते पण ओढत नाही, असं झालं तर प्लेटा बदलायच्या आधी ही मोकळीक बघा. केबल ताणलेली असली की क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो.

ड्रम ब्रेकच्या पॅनेलवर बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला पोचला की लायनर संपले. डिस्क ब्रेकच्या वाटीतली पातळी काचेतून पाहा. ती उतरली म्हणजे बहुधा पॅड झिजलेत. म्हणून नुसतं फ्लुइड ओतून मोकळे होऊ नका. डिस्कवर चेन स्प्रेचा एक थेंबही पडता कामा नये. ब्रेक मऊ, स्पंजसारखा लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, गाडी रस्त्यावर काढू नका.

बॅटरी काढताना काळी वायर आधी, लावताना काळी शेवटी. चांगली चार्ज झालेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली तर उतरलेली. इंजिन रेस केल्यावर १३.५ ते १४.५ दिसायला हवे. दिसत नसतील तर नवी बॅटरी आणूनही आठवड्यात तीच रड, कारण चार्जिंगच होत नाहीये.

धूर: सकाळी थोडा पांढरा असेल तर ती वाफ, सोडून द्या. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर म्हणजे ऑइल जळतंय.

एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लाइन, पुढचे फोर्क (पुढचे शॉकअप), इंजेक्शनचे सेन्सर आणि इंजिनाच्या आतलं काहीही पहिल्या वर्षी हात लावायच्या गोष्टी नाहीत. टॅपेटसुद्धा (व्हॉल्व्हची फट जुळवणं) आधी कुणाला तरी करताना बघा. गॅरेजला गाडी देताना "गाडी बरोबर नाही" एवढं सांगू नका. थंड असताना होतं की तापल्यावर, कोणत्या गिअरला, पावसानंतर की पेट्रोल भरल्यानंतर, प्लगचा रंग कसा होता, हे सांगा. आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.